उत्तरेची खिडकी

१

पुडी उघडली आणि आत काहीच नव्हतं.

मावजीभाई मॅनेजरनी ती उलटी केली, झटकली, पुन्हा उलटी केली. पाच घड्यांचा पांढरा कागद, आत निळसर अस्तर, वर त्यांच्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं: चार कॅरेट अठरा, गोल, करमशी. वजन होतं, नाव होतं, हिरा नव्हता. दुपारचा एक वाजला होता, माणसं जेवून नुकतीच घंटीवर, हिरे घासायच्या टेबलापाशी, येऊन बसत होती, आणि मावजीभाईंच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की बघणाऱ्यांनी काही न विचारताच सरणं, ती घासायची चाकं, बंद केली.

सुरतेच्या वराछातल्या या कारखान्यात एवढा मोठा दगड कधी आलाच नव्हता. इथला माल म्हणजे राईच्या दाण्याएवढा. चिमटीत धरला तर चिमटीच मोठी दिसावी. हा एक दगड मुंबईहून मालक गोरधनशेठच्या शब्दावर आला होता, आणि शेठनी तो करमशी वघासियाच्या हातात दिला होता. सव्वीस वर्षांचं पोर, पण हात असा की सरणावर दगड टेकवला की तो आपोआप वळतो, असं लोक म्हणत. अकरा दिवस करमशीनं दुसरं काही केलं नव्हतं. आज सकाळी अकराला शेवटचा पैलू लागला होता.

शेठनी जिन्याचं लोखंडी दार बंद करून किल्ली खिशात टाकली. मग झडती सुरू झाली. खिसे, चपला, जेवणाचे डबे, कानातली भोकं, जिभेखाली. नाथा सावलियाचा तंबाखूचा मावा सुपारीसकट ताटलीत ओतून काडीनं चिवडला गेला, तेव्हा एरवी सगळे हसले असते. आज कुणी हसलं नाही.

हिरा मिळाला नाही. मिळाली ती नाथाची साक्ष. जेवणाच्या सुट्टीत मावा राहिला म्हणून तो वर आला होता आणि त्यानं करमशीला मॅनेजरच्या टेबलापाशी पाहिलं होतं. हातात हीच पुडी. उघडी.

चाळीस माणसांनी माना वळवल्या. करमशीला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्याला ते जमत नसे.

"उघडली होती," तो म्हणाला. "बघायला. एकदाच बघून परत ठेवली."

शेठचा साळा भूपत भिंतीला टेकून उभा होता. आता तो पुढं झाला. पहिल्या घंटीपाशी जाऊन त्यानं बटण दाबलं, आणि रिकामं सरण गुणगुणत फिरायला लागलं.

२

सरणावर माणसाचं बोट टेकलं तर काय होतं, हे करमशीला कुणी सांगायची गरज नव्हती. तिथं हिरा झिजतो, मग कातडीचं काय. दोन गल्ल्या पलीकडं दोन वर्षांपूर्वी परसोतम नावाच्या कारागिरावर असाच आळ आला होता. तिथल्या लोकांनी त्याला विचारलं, पुन्हा विचारलं, आणि मग त्याचा उजवा हात धरून सरणावर ठेवला. हिरा आठ दिवसांनी फरशीच्या फटीत सापडला. परसोतम आता टॉकीजबाहेर शेंगा विकतो आणि सुटे पैसे डाव्या हातानं देतो.

"चारच्या चहापर्यंत आठवून ठेव," भूपतनं बजावलं. "चहा झाला की मी आठवण करून देईन."

करमशीला बाकावर बसवलं. त्याला भीती वाटत होती आणि ती लपवायचं बळही उरलं नव्हतं. त्यानं दोन्ही हात काखेत दाबून धरले. घरी हंसाला सातवा महिना होता. आज मुगाची खिचडी करते म्हणाली होती. हात गेले तर तिला काय सांगायचं, याची तो वाक्यं जुळवत बसला, आणि एकही जुळेना.

तेवढ्यात डोक्यावर एक हात आला. दुर्लभकाका. अडतीस वर्षं हिरे पारखणारा, याच कारखान्यात खिडकीशी बसणारा म्हातारा माणूस. करमशी गावाकडून पंधराव्या वर्षी आला तेव्हा काकांनीच त्याला चिमटा कसा धरायचा ते शिकवलं होतं, पुडीच्या पाच घड्या शिकवल्या होत्या, रोट्याला गूळ लावून खाऊ घातलं होतं.

"माताजी बघून घेईल बेटा," काका पुटपुटले. त्यांच्या बाहीची कड करमशीच्या गालाला लागली, ओली आणि गार. काकांनाही घाम फुटलाय, त्याला वाटलं. आपल्यासाठी कुणालातरी घाम फुटतोय या विचारानंच त्याला रडू आलं.

पोलिसांना बोलवायचं शेठच्या मनात नव्हतं. पोलीस आले की चोर सापडो न सापडो, हिरा नक्की जातो, असं त्यांचं मत होतं. त्यांनी फोन करून वालजीबापांना बोलावलं. पंचाहत्तरीचे बापा, एक डोळा घासकामात गेलेला. अर्ध्या वराछाला त्यांनी धंदा शिकवला होता आणि खुद्द गोरधनशेठ पोरसवदा असताना त्यांच्या हातच्या टपल्या खाऊन मोठे झाले होते. बाजारात दोघांचं भांडण लागलं की लोक बापांच्या ओट्यावर जात.

बापा तीनला आले. धोतर आवरत त्यांनी हॉलभर नजर फिरवली. लांबच लांब खोली, एकाच बाजूला खिडक्या, छताला ट्यूबलाइट. मग ते करमशीपाशी आले.

"हात दाखव."

करमशीनं काखेतून हात काढले. बापांनी ते उलटेसुलटे करून पाहिले.

"चांगले आहेत. चारला एक तास आहे," ते म्हणाले. "ते चाक बंद करा आधी. मला कमी ऐकू येतं."

"चाक चालू राहील, बापा," भूपत म्हणाला.

३

कोण कुठं होतं, हे शेठनी आधीच विचारून ठेवलं होतं. सुट्टीत खाली न गेलेली किंवा मधेच वर आलेली माणसं पाच. मावजीभाई, जे दहा मिनिटं उशिरा खाली उतरले. नाथा, मावा न्यायला आलेला. करमशी. दुर्लभकाका, जे गुडघ्यामुळं तीन जिने उतरत नसत, जागेवरच जेवत. आणि भूपत, जो मेहुण्यापासून लपून विडी ओढायला गच्चीवर गेला होता आणि हे त्याला आता चारचौघांत सांगावं लागलं.

"गच्चीवर कोण होतं?" बापांनी विचारलं.

"कोण असणार? काका पाखरांना दाणे घालत होते, रोजच्यासारखे. मी जिन्यावरूनच खोकलो, त्यांना धूर सहन होत नाही म्हणून. ते उठून खाली गेले." भूपत वैतागला होता. "दोनला मी गच्चीही धुंडाळली. टाकीखाली, पतंगांच्या मांज्याच्या गुंत्यात, त्या पाखरांच्या पाण्याच्या कुंडीतसुद्धा. खडे आणि ज्वारी."

बापांनी मान हलवली आणि विषय सोडून दिला. करमशीनं मान वर करून पाहिलं. घड्याळात सव्वातीन झाले होते आणि म्हातारा विड्यांची चौकशी करत होता.

मग बापांनी करमशी सोडून उरलेल्या तिघांना एकेक करून समोर बसवलं, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. दगड कुठं ठेवला, कुणी उचलला, काही नाही. दगड दिसत कसा होता, एवढंच.

नाथाला वाटलं बापा भ्रमले. तरी तो म्हणाला, "सकाळी शेवटचा पैलू लागला तेव्हा करमशीनं मला दाखवला. खरं सांगू? मेलेला दिसत होता. काचेच्या गोटीसारखा. एवढा गाजावाजा कशाचा, असं मनात आलं."

शेठ दचकले. "मेलेला? मग दगडच बदलला होता की काय?"

"पुढचा," बापा म्हणाले.

मावजीभाई घाम पुसत बसले. करमशीनं पुडी आणून दिली तेव्हा त्यांनी टेबलावरच्या ट्यूबखाली उघडली होती, वजन केलं होतं. "पांढराशुभ्र, बापा. बर्फाचा खडा ठेवावा तसा. डोळा ठरत नव्हता, पण सगळा पांढरा."

एकाला मेलेला दिसला, एकाला बर्फासारखा. भूपतनं शेठकडं पाहिलं. दोघांपैकी एकजण उघड उघड खोटं बोलत होता.

दुर्लभकाका आले तेव्हा बापा उठून उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली. दोघं एकाच तालुक्यातले.

"मला तर करमशीनंच दाखवला," काका म्हणाले. "मॅनेजरकडं देण्याआधी खिडकीशी आला, चिमट्यात धरून म्हणाला, काका, बघा. पुसून आणला होता. बापा, काय सांगू. अडतीस वर्षं झाली मला. असा दगड नाही पाहिला. जरा वळवला की भिंतीवर रंग नाचायचे. लाल, हिरवा, जांभळा, नवरात्रीतल्या दिव्यांसारखे. मी म्हटलं, या पोरानं माझं नाव राखलं."

बोलताना त्यांनी चष्मा काढून पुसला. करमशीनं मान खाली घातली. एवढं कौतुक काकांनी त्याचं कधीच केलं नव्हतं, आणि केलं ते अशा दिवशी.

बापा बाकावर टेकले. एक डोळा मिटलेला, दुसरा खिडकीकडं. पावणेचारला ते उठले आणि म्हणाले, "दगड दिसला कसा, यात कुणी खोटं बोललेलं नाही. तिघांनीही दगड पाहिला तसाच सांगितला."

भूपत हसला. "मग झालं की. राहिला हाच."

त्यानं करमशीला दंडाला धरून उठवलं आणि चाकापाशी नेलं.

४

चाकाचा वारा करमशीच्या मनगटाला लागत होता. त्याला फक्त ते काळं तेलकट लोखंड दिसत होतं. कुणीतरी खाली चहाचे पेले लावत होतं, त्याचा आवाज येत होता.

"थांब," बापा म्हणाले. "मला याला एकच विचारायचंय. करमशी, इकडं बघ. सकाळी तू दुर्लभला दगड दाखवलास. खिडकीशी. तेव्हा भिंतीवर रंग पडले होते का?"

करमशी ओरडणारच होता, हो हो, पडले होते, मला सोडा. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

कारण पडले नव्हते.

त्याला ती खिडकी आठवली. तो रोज बघत होता ती खिडकी, उत्तरेची. हिऱ्याच्या कारखान्यात खिडक्या उत्तरेलाच असतात, कारण तिथं ऊन कधी येत नाही. सगळीकडून सारखा, शांत, पांढरा उजेड येतो आणि पारख चुकत नाही. अकरा वर्षांत त्यानं या खोलीत उन्हाचा कवडसा पाहिला नव्हता. सकाळी दगड वळवला तेव्हा तो लखलखला होता, पांढरा, मावजीभाई म्हणाले तसाच. भिंत कोरी होती.

मग काकांनी रंग पाहिले कुठं?

त्याला गालावरची ओली बाही आठवली. जानेवारीचा महिना, खोलीत पंखा बंद. घाम येण्यासारखी हवा नव्हती.

त्यानं काकांकडं पाहिलं. काका त्याच्याकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा पुडीच्या कागदासारखा पांढरा पडला होता. करमशीला समजलं, आणि समजल्यावर तो आधीपेक्षा जास्त घाबरला. पडले नाहीत म्हणावं, तर या चाकावर त्या म्हाताऱ्याची बोटं येतील, ज्यांनी त्याला रोट्याला गूळ लावून दिला होता. पडले म्हणावं, तर आपली. हंसा, सातवा महिना, शेंगा विकणारा परसोतम. भूपतची पकड घट्ट झाली.

"बोल," शेठ म्हणाले.

करमशीनं डोळे मिटले. शेवटी त्यानं मान हलवली, आणि ती नाही म्हणणारी होती. तो रडायला लागला.

"नव्हते पडले," तो म्हणाला. "बापा, त्यांना काही करू नका."

५

बापा शेठकडं वळले. "गोरधन, दगड कुठं आहे ते मला ठाऊक आहे. पाच मिनिटांत तुझ्या हातात देतो. आधी खोडियार माताजीची शपथ घे, कुणाच्या अंगाला बोट लागणार नाही. आणि तुझ्या साळ्याला सांग ते चाक बंद करायला."

शेठनी शपथ घेतली. भूपतनं बटण बंद केलं. चाक थांबायला बराच वेळ लागला, आणि ते पुरतं थांबेपर्यंत कुणी हललं नाही.

"तिघं तीन गोष्टी सांगतात म्हणून तुम्हाला वाटलं कुणीतरी खोटं बोलतंय," बापा म्हणाले. "हिऱ्याला स्वतःचा उजेड नसतो रे. वरून आत गेलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत वर येतो, ती त्याची चमक. नाथानं पाहिला तेव्हा खाली तेल चिकटलेलं होतं. तेल असलं की उजेड खालून गळून जातो, परत येत नाही. दगड मेलेला दिसणारच. मावजीनं पाहिला तो पुसलेला, ट्यूबखाली, निळसर कागदावर. उजेड चारी बाजूंनी येतो तिथं रंग सुटे होतात, पण एकमेकांत मिसळून पुन्हा पांढरे होतात. बर्फच दिसणार. रंग वेगवेगळे होऊन भिंतीवर पडायचे तर एकाच ठिकाणाहून येणारा उजेड लागतो. ऊन लागतं. या इमारतीत दुपारी बाराला ऊन कुठं आहे?"

सगळ्यांनी वर पाहिलं.

"चोर वेळ खोटी सांगतो, जागा खोटी सांगतो. हिरा कसा दिसला हे मात्र कुणाला खोटं सांगायला सुचत नाही. त्यातून दुर्लभनं ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेलं. सांगितल्याशिवाय राहवेना."

दुर्लभकाका खुर्चीतून उठले. गुडघा वाकेना म्हणून टेबलाला धरून उभे राहिले.

"चोरायचा नव्हता, बापा," ते म्हणाले. "बारीक मालात अडतीस वर्षं गेली. लोक म्हणतात हिरा चमकतो, बायका बोटात घालून उन्हात मिरवतात. आपण कधी बघितलं? आपल्याला उन्हात न्यायची मनाईच. आज म्हटलं, माझ्या पोरानं केलाय, एकदा बघू. करमशी ठेवून गेल्यावर मी पुडी उघडली. गच्चीवर टाकीची पांढरी भिंत आहे, तिथं धरला. तेवढ्यात भूपतभाई खोकले. मी घाबरलो, कुंडीत हात घातला आणि सोडून दिला. वाटलं, खाली जातो, मग परत येऊन काढतो. तोवर दाराला कुलूप."

गच्चीवर सगळेच गेले. चार वाजत आले होते. पाण्याच्या टाकीची सावली दुपारभर कुंडीवर होती, म्हणून भूपतला तिथं खडे आणि ज्वारीच दिसली. सावलीतला हिरा खड्यासारखाच दिसतो. आता सावली सरकली होती. बापांनी बोटानं दाखवलं, आणि मातीच्या कुंडीच्या तळाशी, ज्वारीच्या दाण्यांमध्ये, पाण्यातूनही एक ठिणगी हलत होती.

भूपतनं पाणी ओतलं. करमशीनं दगड काढून बापांच्या धोतराच्या सोग्यानं पुसला, चिमट्यात धरला आणि उन्हात वळवला. टाकीच्या चुन्याच्या भिंतीवर लाल, हिरवे, जांभळे ठिपके धावले. चाळीस कारागीर, आयुष्यभर हिरे घासलेले, तोंड उघडं टाकून भिंतीकडं बघत राहिले. नाथा तर भिंतीला हात लावून आला. भूपतही बघत होता आणि त्याच्या कपाळावर एक निळा ठिपका होता.

करमशीलाही ते सुंदर वाटलं. पण हात असे थरथरत होते की रंग भिंतीवर टिकेनात.

शेठनी शपथ पाळली. काकांना एवढंच सांगितलं की उद्यापासून येऊ नका. काकांनी मान डोलावली, खाली येऊन खिडकीतली आपली उशी आणि चष्म्याची डबी पिशवीत टाकली, आणि जाताना करमशीच्या बाकाशी थांबले.

"मी सांगणारच होतो रे बेटा," ते म्हणाले.

करमशी पुडीच्या घड्या घालत होता. पहिली, दुसरी, तिसरी, काकांनी शिकवल्या तशा. त्यानं वर पाहिलं.

"कधी, काका?" त्यानं विचारलं. "चहाच्या आधी, का नंतर?"

काका उभे राहिले. मग पिशवी सावरून जिन्याकडं गेले, आणि गुडघा धरत एकेक पायरी उतरू लागले. करमशीनं चौथी घडी घातली. पाचवी त्याला तीनदा घालावी लागली, कारण बोटं अजून हलत होती. दहाच्या दहा.